सावंतांचं डोअर शेड्यूल

ड्रॉइंग ऑफिसात जुने प्रिंट साठतात, तसे किस्सेही साठतात. प्रिंट निदान फेकता तरी येतात! दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या आमच्या ऑफिसात फॅक्टऱ्यांचे नकाशे व्हायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथे चक्क तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव आलं, आणि किस्स्यांना ऊत आला.

गाव आणलं अल ऐनला इतिहास शिकवणाऱ्या एका जॉर्डनी प्रोफेसरांनी. आम्ही त्यांना डॉक्टर म्हणायचो. तरुणपणी त्यांनी जॉर्डनमधल्या मवाबच्या डोंगरावर या गावाचं उत्खनन केलेलं. शेजारच्या दीबोन गावाला पूर्वीच मवाबच्या मेशा राजाचा प्रसिद्ध शिलालेख सापडलेला. या गावाच्या वाट्याला बायबलमधली एक ओळ! गावाची वेस, म्हणजे तटातला दरवाजा, काही सापडली नव्हती. वेशीशिवाय पुस्तक छापणार नाही, या हट्टापायी तीस वर्षं गेली. आता पेन्सिलीचे नकाशे पुसट व्हायला लागले म्हणून ते आमच्याकडे आले.

"खणलं की जागा संपते. गाव आता या कागदांवरच आहे," डॉक्टर म्हणाले.

आमचे सीनियर सावंत हळहळले. "आणि बॅकअप नाही?"

*

पहिला नकाशा मी कॉम्प्युटरवर दोन दिवसांत उरकला. प्रत्येक भिंत काटकोनात! शाबासकीची वाट बघत बसलो.

"सुंदर," डॉक्टर म्हणाले. "पण हे गाव कुठलं?"

माझा ऑर्थो मोड चालूच राहिला होता. त्यात तिरकी रेघ निघतच नाही. अख्खं गाव मी सरळ करून टाकलं होतं! लाजेने मान खाली घालून सगळं पुन्हा काढलं.

*

सावंतांना त्या वाकड्या भिंती बघवेनात.

"यांच्या गवंड्याकडे ओळंबा नव्हता का? या काँट्रॅक्टरला ब्लॅकलिस्ट करा!"

"हबीबी, ही भिंत तीन हजार वर्षं उभी आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमची किती टिकते?"

"एक वर्ष," सावंत म्हणाले. "मेंटेनन्स पिरियड."

*

आता खरा किस्सा. सावंतांचा नियम असा, की डोअर शेड्यूल, म्हणजे दारांची यादी, पूर्ण झाल्याशिवाय काम ऑफिसबाहेर जाणार नाही. त्यांनी गावातल्या प्रत्येक घराच्या दाराला नंबर दिला. आणि मग अडले.

"मेन डोअर कुठाय? लोक काय भिंतीवरून उड्या मारत होते? म्युन्सिपाल्टी पास करणार नाही हे!"

"ते मीही शोधतोय," डॉक्टर कसनुसं हसले. मला फार वाईट वाटलं.

सावंत काही ऐकेनात. उत्खननाच्या पाच सीझनचे पाच नकाशे, प्रत्येक सुटा. कुणी ते एकत्र जुळवलेच नव्हते! सावंतांनी ते स्क्रीनवर एकावर एक बसवले आणि ओरडले, "यल्ला, इकडे या!"

पहिल्या सीझनमधली तटाची एक जाड भिंत, चौथ्यामधली दुसरी, दोन्ही एकमेकींसमोर येऊन थांबलेल्या. मधोमध कोरी जागा. वेशीएवढी! माझ्या अंगावर काटा आला. डॉक्टरांना फोन केला, ते अल ऐनहून तडक गाडी काढून आले. स्क्रीनसमोर उभे राहिले. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"एवढीच जागा कोरी का सोडली, डॉक्टर?" सावंतांनी विचारलं.

"तिथे आमचा चहाचा तंबू होता," डॉक्टर म्हणाले. "वेस कुठे असेल, यावर आम्ही पाच सीझन तिथेच बसून वाद घातला!"