बडग्याच्या अंगातला सदरा

आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडगे निघतात. बाहेरगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. चिंध्या, पोती, तणीस भरून माणसाएवढा बाहुला करायचा. महागाई, रोगराई, एखादा बदनाम पुढारी, ज्याचा म्हणून वैताग आला असेल त्याचं सोंग त्याला द्यायचं. मग "घेऊन जा गे मारबत!" असं पीडा वाहून नेणाऱ्या मारबत देवीच्या नावानं बेंबीच्या देठापासून ओरडत त्याला गल्लीबोळांतून फिरवायचं आणि वस्तीबाहेर नेऊन जाळायचं. मोठ्या माणसांचे मोठे बडगे इतवारी-महालाकडे निघत, आणि पोट्टे आपापल्या मोहल्ल्यात आपापले बडगे काढत.

माझा भाऊ त्या वर्षी अकरावीत होता. तेव्हा मॅट्रिक अकरावीलाच असायची. मी आठवीत होते. हल्ली कोणी म्हणालं की आजकालची मुलं बिघडली, आमच्या वेळी असं नव्हतं हो, तर मला हसूच येतं. डोंबल नव्हतं! भावाच्या वर्गातली अर्धी मुलं सदऱ्याखाली कमरेला सायकलची चेन गुंडाळून शाळेत जायची. शाळेमागे रेल्वेलाईन होती, तिथं त्यांचा खेळ चालायचा. मालगाडी येताना दिसली की रुळावर उभं राहायचं आणि जो शेवटी उडी मारेल तो दादा. दहावीत असताना एकदा माझा भाऊ आणि मिलच्या चाळीतला त्याच्याच वर्गातला एक मुलगा, दोघांनी बरोबरच उडी मारली. आधी कोण घाबरलं, यावरून दोघांचं जे बिनसलं ते वर्षभर. मारामाऱ्या, दगडफेक, एकमेकांच्या सायकली नाल्यात टाकणं. आजही आठवलं की दोघांच्या कानाखाली एकेक वाजवावीशी वाटते.

शेवटी हेडमास्तरांनी बाबांना शाळेत बोलावलं. आता एक जरी तक्रार पोलिसात गेली तर नाव काढून टाकीन, मॅट्रिकला बसू देणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. बाबा कचेरीत कारकून होते. घरी येऊन त्यांनी पायातली चप्पल काढली, हातात घेतली, आणि काय वाटलं कोण जाणे, परत पायात घातली. भावाला म्हणाले, "पोलिसात नाव गेलं तं नोकरी कायची लागते तुले? आयुष्यभर बस मग पानठेल्यावर." आमच्या घरात तेव्हापासून सगळे श्वास रोखून होते. मॅट्रिक होईस्तोवर याचं नाव कुठं येऊ नये, एवढंच आई देवाला मागायची.

पण ऐकेल तो माझा भाऊ कसला! पोळा तोंडावर आला असताना शाळेत पुन्हा जुंपली आणि हा त्या चाळीतल्या मुलाचा सदरा अंगावरून ओढून घरी घेऊन आला. तोच सदरा त्यानं बडग्याला घातला. आमच्याच अंगणात सगळं चाललं होतं. आई डोकावून म्हणाली, "सदरा कोणाचा होय गा हा?"

"एका पोट्ट्यानं देला."

"चांगला तं आहे, जाळता कायले?" असं म्हणून ती चुलीकडे गेली. सणाचा दिवस, तिला शंभर कामं होती.

बडगा निघाला तो मुद्दाम मिलच्या चाळीवरून. मी आणि शेजारच्या पोरी मजा पाहायला मागे मागे जात होतो. चाळीपाशी पोचलो तर तिकडची पोरं वाट पाहूनच होती. पुढे तो मुलगा, हाताला चेन गुंडाळलेली. "सदरा काढ बे," तो म्हणाला. माझा भाऊ हसला. "जळल्यावर घेऊन जा राख." बाजूला कोणाच्या तरी बांधकामाच्या विटा पडल्या होत्या. हसता हसता भावानं त्यातला एक अद्धा उचलला. मी ओरडले, "दादा, घरी चाल!" पण त्या गोंधळात ऐकतो कोण.

तेवढ्यात नळावरून एक बाई आली. बादली तिथंच टाकून आली होती. चेनकडे नाही, विटेकडे नाही, ती नुसती बडग्याकडे पाहत होती. "अरे देवा! हा तं माह्या पोराचा सदरा होय!" ती थेट पोरांच्या मधात घुसली आणि बडग्याच्या अंगातला सदरा काढायला लागली. "काही लाज आहे का बे तुम्हाले? मेलेल्या माणसाचे कपडे जाळतात. माहं पोरगं जितं आहे!"

खरं सांगते, पोट्ट्यांपैकी कोणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, चांगली फजिती होईल, बस. कोणीतरी मागून फिदीफिदी हसलं. सगळ्यांदेखत आई मध्ये आली म्हणून तो मुलगा लालेलाल झाला. "आई, तू घरी जा!" म्हणत तो चेन फिरवत पुढे आला आणि माझ्या भावानं अद्धा फेकला. फेकला त्याच्यावर, लागला तिला. कपाळावर हात ठेवून ती खालीच बसली.

पळाले मग सगळे. दोन्हीकडचे दादा लोक! बडगा रस्त्यातच पडला. तो मुलगा चेन टाकून "आई, आई" करत रडायला लागला. माझा भाऊ मात्र पळाला नाही. एवढं एक त्याच्या बाजूनं सांगता येईल. त्यानं सायकलरिक्षा थांबवली, दोघांनी मिळून तिला वर बसवलं. मुलगा तिला धरून बसला, भाऊ मागून रिक्षा ढकलत धावला आणि मी त्याच्या मागे. तो सदरा तिनं जखमेवर दाबून धरला होता.

मोठ्या दवाखान्यात टाके घातले. असं डोकं फुटलेलं माणूस आलं की तिथला पोलीस शिपाई चौकशी करायचाच. त्यानं विचारलं, "कोणी मारलं?" मुलानं माझ्या भावाकडे पाहिलं. भावाचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला बाबा दिसायला लागले. मॅट्रिक गेली, नोकरी गेली, संपलं सगळं, असं मनात येऊन मी रडायलाच लागले. मुलानं तोंड उघडलं, तोच ती म्हणाली, "कोणी नाही मारलं. नळावर घसरून पडली मी."

"पडल्यावर असं लागते का बाई?"

"मले लागलं ना! मले माहीत की तुम्हाले?"

बाहेर आल्यावर भाऊ तिच्या पाया पडायला वाकला. तिनं पाय मागे घेतले. "तुह्यासाठी नाही बोलली मी. तुहं नाव सांगतलं असतं तं उद्या तू याले धरलं असतं, परवा यानं तुले. मले माहं पोरगं पाहिजे. चाल हो बाजूले."

भाऊ मॅट्रिक झाला. मारामाऱ्या बंद झाल्या त्या कायमच्या. बाबा समजत राहिले की आपला धाक कामी आला. पुढे त्याला सरकारी नोकरीची ऑर्डर आली तेव्हा देवापुढे पेढे ठेवले आणि दुसरा पुडा घेऊन तो चाळीकडे निघाला. मलाही सोबत नेलं. तिनं दार उघडलं. कपाळावर व्रण तसाच होता. भाऊ म्हणाला, "काकू, नोकरी लागली. तुमच्यामुळं."

"बरं झालं गा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. भाऊ चपला काढायला लागला तशी ती दाराच्या चौकटीत सरकून उभी राहिली.

"पेढे तिथं ओट्यावर ठेव. आत नको येऊ. मले अजून तुही भीती वाटते."

भावानं पुडा ओट्यावर ठेवला. घरी आल्यावर मोरीत गेला, नळ सोडला आणि आत खूप वेळ रडत होता.