नाकोबाचं नाक

गॅरेजवाल्याला सगळी वस्ती नाकोबा म्हणायची. सकाळी गार इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, की हा पठ्ठ्या गाडीमागे उकिडवा बसून धूर हुंगायचा. कच्च्या डिझेलचा वास आला तर थंडीचा परिणाम, गोडसर आला तर इंजिनात कूलंटचं पाणी शिरतंय, जळक्या तेलाचा आला तर इंजिनात हवा कोंबणारा टर्बो खोला. "रंग फसवतो, वास नाही फसवत," असं छाती फुगवून सांगायचा आणि मशीन लावून तपासणाऱ्यांची यथेच्छ टिंगल करायचा.

मग एकदा ताप आला आणि जाताना त्याचं नाकच घेऊन गेला. कुठलाही वास येईना. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. करपलेली भाजी तो मुकाट्याने जेवला, तेव्हा बायकोला वाटलं, चला, वयाने का होईना, माणूस निवळला. गॅरेजात तो हुंगल्याचं नाटक करायचा आणि अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायचा.

एका सकाळी माहेरी आलेली त्याची मुलगी एकटीच घाटाने आपल्या घरी परत निघाली होती. तिने गाडी सुरू केली आणि मागून धुराचा लोट उठला.

"बाबा, बघा ना, हल्ली रोज सुरू करताना असंच होतं."

नाकोबा सवयीने मागे जाऊन बसला. दाट धुक्यात धूर पांढराच दिसत होता. त्याने जोरात श्वास ओढला. काही नाही.

"इंजिन गार आहे, दुसरं काय! नीघ बिनधास्त."

गाडी वळणाआड गेली आणि बायको नाक दाबून बाहेर आली. "अहो, कसलं तेल जाळलंत? डोकं उठलं माझं!"

नाकोबा धावला. गाडी उभी होती तिथे त्याने फरशीवरून बोट फिरवलं. काळं, तेलकट. म्हणजे टर्बोमधलं तेल अडवणारं सील गेलंय. ते पुरतं सुटलं, तर डिझेल इंजिन आपलंच तेल पिऊन पिसाळतं, किल्ली काढली तरी थांबत नाही. आणि पोर घाटात!

तो फोन लावत सुटला. घंटा वाजत राहिली. "उचल गं बाई, उचल," तो पुन्हा पुन्हा नंबर दाबत होता. शेवटी तिनेच फोन केला. तिच्या आवाजामागे इंजिन बोंबलत होतं.

"बाबा, कडेला घेतलीय, पण बंदच होत नाही! किल्ली माझ्या हातात आहे!"

"ब्रेक गच्च दाबून धर. क्लच दाब, सगळ्यात वरचा गिअर टाक. टाकलास? आता क्लच सोड! एकदम!"

दणका, तिची किंकाळी, आणि मग सगळं शांत.

"बाळा? अगं बोल ना! बाळा!"

बराच वेळ नुसता खोकला ऐकू आला. "बंद पडली... मी ठीक आहे."

"उतर आधी. लांब जाऊन उभी राहा."

दार उघडल्याचा आवाज आला. "केवढा हा वास, बाबा! निघताना पण असाच येत होता. तुम्हाला नाही आला?"

बायको शेजारीच उभी होती. दोन गिऱ्हाइकंही गॅरेजच्या दारात येऊन थांबली होती. नाकोबाने फोन कानाला तसाच घट्ट धरला.

"नाही आला गं. ताप आला होता ना, तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही."

बायको पुढे आली. "म्हणजे त्या दिवशी ती भाजी..." एवढंच बोलून तिने त्याचा हात धरला.