पाहुणीला दिलेली गोधडी

शाळेतला शिवणाचा तास बंद झाला आणि मी घरी बसले. शिवणाच्या खोलीतली मशीनं एका दुपारी टेम्पोत चढली, आणि पुढच्या आठवड्यात त्याच खोलीत कॉम्प्युटर आले. मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, पालकच विचारतात हो, शिवण शिकून मुली काय करणार?" मला कार्यानुभवाचे तास देऊ केले होते, म्हणजे आठवड्यातून दोनदा कागदाची फुलं. मी नको म्हटलं.

त्या वेळी मला घराबाहेर काढलं ते वरच्या मजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीनं. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यामुळे ते खोटं ठरत नाही. आम्ही दोघी कोथरूडच्या या सोसायटीत एकाच वर्षी राहायला आलो. तेव्हा रिक्षावाले चौकातल्या पुतळ्याच्या पुढे यायला तयार नसत. तिचा मुलगा आणि माझी मुलगी एकत्र वाढले, एकमेकांच्या घरी जेवले. ती बोलकी, चार लोकांना कामाला लावणारी. मी आपली सुई-दोरा घेऊन कोपऱ्यात बसणारी. मी घरी बसून आठवडा झाला नसेल, ती खाली आली आणि म्हणाली, "शाळेला नको तर नको. सोसायटीचा हॉल मे महिन्यात रिकामाच असतो. तू शिकव, बाकी सगळं मी बघते."

तिनं खरंच बघितलं. आयांशी बोलणं, सतरंज्या, सरबत, शेवटच्या दिवशीचा कार्यक्रम, सगळं. आमच्या शिबिराला मुलं येऊ लागली, शेजारच्या दोन सोसायट्यांतलीही. मुलगेसुद्धा यायचे. आई-बाप दोघं नोकरीला, दुपारी घरी कोणी नाही, म्हणून पाठवलेले. त्यांना वाटायचं मुलींचं काम आहे. दोन दिवसांत सुई ओवण्याच्या शर्यती लावायचे.

पहिली काही वर्षं रुमाल, पिशव्या, उशीचे अभ्रे असंच चाललं. मग एका उन्हाळ्यात एक मुलगी म्हणाली, "काकू, सगळ्यांनी मिळून एकच मोठं काहीतरी करूया का?"

मी गोधडी म्हटलं. प्रत्येकानं घरून एक जुना कपडा आणायचा, पण आईला विचारून. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये कपड्यांचा ढीग पडला. कुणाच्या आजीच्या नऊवारीचा पदर, कुणाच्या धाकट्या भावाचं झबलं, शाळेचा आखूड झालेला फ्रॉक, बैठकीच्या खोलीतला पडदा. चौथीतली एक मुलगी निळ्या रेघांचा पुरुषी शर्ट घेऊन आली. चांगला धड होता.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"बाबांचा. ते अमेरिकेत आहेत, कंपनीनं पाठवलंय."

"आईला विचारलंस?"

"आईला विचारलं. बाबांनासुद्धा फोनवर विचारलं. ते म्हणाले, काप, पण खिसा ठेव."

त्या काळात आमच्या सोसायटीत दर दुसऱ्या जिन्यात एखादा बाप असा दूर होता. रविवारी सकाळी फोन वाजले की कुठल्या घरात कोण आहे आणि कोण नाही, ते जिन्यातच कळायचं. या मुलीनं शर्ट आणला खरा, पण कात्री लावायला तिचा हात होईना. बाकीच्यांचे चौकोन कापून झाले तरी ती शर्ट मांडीवर घेऊन बसलेली. मी घाई केली नाही. एके दिवशी तिनं स्वतःच खडूनं रेघ मारली, खिसा मधोमध ठेवला आणि कापलं. कापून झाल्यावर मोठ्यानं श्वास सोडला.

गोधडी जमिनीवर पसरायची, चारी बाजूंनी मुलं बसायची आणि आपापल्या बाजूनं आत आत धावदोरा घालत यायची. गुरुवारी वीज नसायची, तेव्हा दारं-खिडक्या सताड उघडून घामेजलेल्या हातांनी शिवायचं. एका मुलाचे टाके एवढे मोठे पडायचे की मी विचारलं, "अरे, हे टाके आहेत की स्पीडब्रेकर?" तो स्वतःच खोखो हसला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं सगळे उसवून पुन्हा घातले. बोटं टोचली, दोरे गुंतले, भांडणंही झाली. पण मधोमध पोचेपर्यंत त्यांचे टाके एकमेकांसारखे दिसायला लागले होते. मी इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण असं झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

गोधडी एक आणि मुलं अनेक. मग असं ठरलं की कार्यक्रम झाल्यावर ती आळीपाळीनं एकेकाच्या घरी एकेक आठवडा राहील. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी त्या शर्टवाल्या मुलीची निघाली, तर ती म्हणाली, "मला आत्ता नको. बाबा जूनमध्ये पंधरा दिवस येणारेत, तेव्हा पाहिजे." स्पीडब्रेकरवाल्याचा नंबर जूनमध्ये होता. त्यानं तिच्याशी बदलला. मोठ्यांमध्ये एवढा सरळ कुठलाच व्यवहार होत नाही, असं मी मैत्रिणीला कौतुकानं सांगितलेलं आठवतं. तीही म्हणाली, "गुणी आहेत गं पोरं."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "गोधडी माझ्याकडे ठेवू. तुझ्याकडे तळमजल्यावर धूळ फार येते. मी इस्त्री फिरवून ठेवते." मी घडी करून तिच्या हातात दिली.

त्याच संध्याकाळी तिच्याकडे पाहुणी जेवायला येणार होती. मुलगा हिंजवडीच्या एका कंपनीत होता आणि त्याच्या कामावरची अमेरिकेतली मोठी बाई पुण्यात आली होती. घरात लग्नघाई. मैत्रिणीच्या पुरणपोळ्या फाटतात, म्हणून दुपारी मीच वर जाऊन लाटून दिल्या. गोधडी बैठकीच्या खोलीत सोफ्यावर पसरलेली दिसली.

"अगं, इथे कशाला? काहीतरी सांडेल."

"असू दे गं. तिला दिसू दे की आपल्या पोरांनी काय केलंय."

मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर अभिमान वाटला. शाळेनं जे नको म्हटलं ते परदेशातली बाई बघणार होती. मी पोळ्या डब्यात भरल्या आणि खाली आले.

सकाळी गोधडी टांगायची म्हणून दोरी आणि चिमटे घेऊन वर गेले. तिनं दार उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"अगं, ती दिली," ती म्हणाली.

"काय दिली?"

"गोधडी. तिला इतकी आवडली म्हणून सांगू! जेवण होईपर्यंत हात फिरवत होती. मग आमचा मुलगा म्हणाला, घेऊन जा. आता मी काय तिच्या हातातून ओढून घेऊ?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "बरं, फोन कर. हॉटेलवर असेल. मी रिक्षानं जाऊन घेऊन येते."

"ती रात्रीच मुंबईला गेली. पहाटेचं विमान होतं."

"आज कार्यक्रम आहे. मुलं येतील."

"पिशव्या आहेत, रुमाल आहेत, ते लावू. आणि गोधडी काय गं, दुसरी करता येईल."

तिचा मुलगा आतून आला. लहानपणी माझ्या घरी जेवणारा, माझ्या हातून स्वेटर घालून घेणारा. "काकू, टेन्शन घेऊ नका. मी मस्त क्विल्ट आणून देतो मुलांना. प्रॉपर ब्रँडेड," तो म्हणाला.

मी त्याला काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात मला त्यांचं जेवणाचं टेबल दिसलं. त्यावर सोनेरी कागदाची गुंडाळी होती, उरलेली, आणि लाल साटीनची फीत, लक्ष्मी रोडवरच्या दुकानाच्या पिशवीत. ऐन जेवणाच्या वेळी कुणी उठून लक्ष्मी रोडला कागद आणायला जात नाही.

"कागद आधीच आणला होतास?" मी विचारलं.

तिनं टेबलापाशी जाऊन पिशवीचं तोंड दुमडलं. मग म्हणाली, "त्याचं अमेरिकेला जायचं अडलंय गं. तुझी मुलगी लागली मार्गाला. माझा अजून लटकलाय. एका गोधडीनं कुणाचं काय बिघडणार आहे?"

म्हणजे धूळ, इस्त्री, सगळं बोलणं झालं तेव्हाच तिचं ठरलं होतं. मी पोळ्या लाटत होते तेव्हाही ठरलेलं होतं. मी ओट्याशी उभी राहून विचारत होते, वेलची घालू का, आणि ती म्हणत होती, घाल की. मला त्या क्षणी गोधडीपेक्षा त्या पोळ्यांचाच जास्त राग आला. दोरी आणि चिमटे घेऊन मी तशीच खाली आले.

मला वाटलं होतं, निदान मुलांना काय सांगायचं ते दोघी मिळून ठरवू. संध्याकाळी मी हॉलमध्ये पोचले तर कार्यक्रम सुरू झाला होता आणि माइक तिच्या हातात होता. "एक आनंदाची बातमी! आपल्या मुलांची गोधडी अमेरिकेला गेली! आमच्या शिवणाच्या काकूंनी आणि मी मिळून हा निर्णय घेतला. जोरदार टाळ्या!"

आयांनी टाळ्या वाजवल्या. मुलांनी वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी माझ्याकडे मान वळवली.

मला लोकांसमोर बोलायची सवय नाही. पण जागेवरून म्हटलं, "मी घेतला नाही."

टाळ्या थांबल्या. मी पुढे बोलले.

"मला आज सकाळी कळलं. गोधडी मुलांची होती. त्यांना कुणी विचारलं नाही आणि मलाही नाही."

मैत्रीण हसली. माइकवरच म्हणाली, "अगं, किती मनाला लावून घेतेस!" पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळून मला म्हणाले, "अहो ताई, चांगलंच झालं की. एक्स्पोर्ट क्वालिटी निघाली म्हणायची!" मोठी माणसं हसली. कुणाला माझं बरोबर वाटलं असेलही, पण कुणी तसं बोललं नाही. खुर्च्या सरकल्या, सरबताचे पेले फिरू लागले, विषय संपला.

ती शर्टवाली मुलगी माझ्यापाशी आली.

"माझा खिसा पण गेला?"

"हो गं."

"पण तुम्ही म्हणाला होतात आळीपाळीनं."

मी म्हणाले होते. तिनं ते मैत्रिणीला नाही, मला विचारलं, कारण शब्द मी दिला होता. मी तिला जवळ घ्यायला गेले तर ती मागे सरली. तिची आई आली, म्हणाली, "चल, बाबा येताना नवीन शर्ट आणतील," आणि तिला घेऊन गेली. शर्टाच्या उरलेल्या बाह्या आणि पाठ माझ्याकडे होती. दोन दिवसांनी धुऊन घडी करून तिच्या घरी द्यायला गेले. आई दारातच म्हणाली, "राहू द्या हो काकू, मशीन पुसायला होईल तुम्हाला." मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिनं येऊन ते कापड माझ्या हातातून घेतलं आणि आत गेली.

जूनमध्ये तिचे बाबा आले. मी त्या दोघांना फाटकापाशी रिक्षात बसताना पाहिलं. तिनं मला पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. पुढच्या वर्षी ते सगळं कुटुंबच तिकडे गेलं.

माझी मैत्रीण मात्र माझ्यावरच रुसली. चारचौघांत मी तिची शोभा केली, असं तिनं सोसायटीभर सांगितलं. तिच्या मुलाचं जाणं काही महिन्यांत झालं. ते गोधडीमुळे झालं की त्याच्या कामामुळे, देव जाणे. पुढच्या उन्हाळ्यात फलकावर नोटीस लागली, त्याच हॉलमध्ये कॉम्प्युटर आणि ग्लास पेंटिंगचं शिबिर. खाली फक्त तिचं नाव. ती नोटीस मी भाजी घेऊन येताना वाचली. मला जिन्यात भेटूनही ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती.

मी माझ्या बैठकीच्या खोलीत मुलं घ्यायला लागले. चार-पाचच यायची, अजूनही येतात. स्पीडब्रेकरवाला तीन उन्हाळे आला. एक नियम मी तेव्हापासून केला आहे. ज्यानं जे शिवलं ते त्यानं रोज घरी न्यायचं, अर्धवट असलं तरी, सुई टोचलेली असली तरी. मुलं कुरकुरतात, विसरतात, परत धावत घेऊन येतात. मी माझ्याकडे काही ठेवून घेत नाही.

मैत्रीण एकदाच आली, बऱ्याच वर्षांनी. केस पांढरे झाले होते, गुडघे दुखत होते. हातात मऊ मलमलचं कापड होतं. सुनेला तिकडे दिवस गेले होते, बाळाला झबली पाठवायची होती. मी चहा केला. मला वाटलं, आता तरी ती काही बोलेल. एक वाक्य पुरलं असतं. मी दुसरा कप ओतला, तरी ती तिकडच्या थंडीबद्दल आणि विमानाच्या तिकिटांबद्दलच बोलत राहिली.

"मग कधी देशील शिवून?" तिनं विचारलं.

"मी आता लोकांचं शिवत नाही," मी म्हटलं.

"मी काय लोकांतली आहे का गं?"

मी कप उचलले आणि विसळायला आत गेले. बाहेर आले तेव्हा ती कापड घेऊन गेली होती. दार उघडंच होतं.