डोळे मिटायची भीती

शांती नगरमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये सुचेता वायंगणकर नऊ वर्षं योगाचा वर्ग घेत होती. लालबागची खोली सोडून ती आणि तिचा नवरा पराग मीरा रोडला आले, त्यानंतर वर्षभरातच तिने वर्ग सुरू केला. सकाळी सहाला सतरंज्या पडायच्या, सव्वासातला सगळे आपापल्या घरी. तिचं शिक्षण रीतसर झालेलं, तेही दोन वर्षं एका जुन्या शिक्षकांकडे. त्यामुळे टीव्हीवरच्या योगाची लाट आली आणि जो तो गच्चीत जाऊन नाकाने फुसफुस करायला लागला, तेव्हाही तिने वर्गात घाई चालवून घेतली नाही.

"आसन हे तिसरं अंग," ती म्हणायची. "आधी यम, म्हणजे खरं बोलणं वगैरे, मग नियम. खोटं बोलून शीर्षासन केलं तर नुसतं डोकं खाली जातं."

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत एका सकाळी ती नाक्यावर गोदूबाईकडे बोंबील घेत होती. गोदूबाई तारोडी गावाहून मासळीची टोपली घेऊन यायची, सुचेता तिची जुनी गिऱ्हाईक. पिशवी पुढे करताना सुचेताचं काळीज एकदम धडधडायला लागलं. बोटांना मुंग्या आल्या, श्वास अर्ध्यावर अडकला आणि रस्ता लांब लांब जायला लागला. आपण मरतोय, इथेच, हे तिला इतकं स्पष्ट कळलं की परागचा ऑफिसचा नंबर सांगावा म्हणून तिने तोंड उघडलं. आवाजच फुटला नाही.

"बाय, खाली बस," गोदूबाईने दंडाला धरून तिला पाटावर बसवलं. "पानी पी. मी हाय इथं. कुटं जात न्हाय."

पाच-सात मिनिटांत सगळं ओसरलं. ईसीजी चांगला निघाला, रक्ताचे रिपोर्टही. फॅमिली डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवले आणि म्हणाले, "हार्ट ठणठणीत आहे. पॅनिक अटॅक म्हणतात याला. टेन्शन घेऊ नका. असं करा, थोडा प्राणायाम करा, योगा करा."

सुचेता "हो" म्हणून बाहेर आली. आपण काय करतो हे तिला त्यांना सांगता आलं नाही.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी वर्गात झाली. डोळे मिटून "श्वासाकडे नुसतं पाहा" असं तिने सांगितलं आणि स्वतः पाहायला गेली, तर श्वास दचकल्यासारखा झाला. आत गेला तो बाहेर येईल का, पुढचा पुरेल का, असं वाटत राहिलं. जितकं पाहावं तितकं काळीज जोरात. तिने घाबरून डोळे उघडले. समोर चौदा माणसं शांत बसली होती.

तेव्हापासून ती उघड्या डोळ्यांनी शिकवायला लागली. तोंडाने म्हणायची, "विचार येतील, जातील, आपण फक्त साक्षी," आणि नजरेने भिंतीवरच्या टाइल्स मोजायची. खिडकी उघडी आहे ना, दाराला आतून कडी नाही ना, हे आधी बघून घ्यायची. अटॅक आठवड्यातून दोनदा यायला लागले. गॅसजवळ, लिफ्टमध्ये, कपडे वाळत घालताना. तिने लिफ्ट सोडली. वर्गात यायला लागला तर काय करायचं हेही ठरवून ठेवलं: सगळ्यांना शवासनात झोपवायचं आणि जिन्यात जाऊन उभं राहायचं. दोनदा तसं केलंही. कुणाला पत्ता लागला नाही.

हंसाबेन पहिल्या दिवसापासूनची विद्यार्थिनी. ती जाता जाता म्हणाली, "मॅडम, आपको देखके ही मेरा बीपी उतर जाता है. कितना शांत रेहते हो आप!"

घरी येऊन सुचेता परागला म्हणाली, "मी फसवतेय लोकांना."

"कसलं फसवणं? आजारी आहेस तू."

"मग सांगायला नको?"

"सांगून काय होणार? स्विमिंगच्या सरांनी सांगायचं का मला पाण्याची भीती वाटते म्हणून?" पराग हसत म्हणाला खरा, पण तिचा चेहरा पाहून शेजारी येऊन बसला.

एप्रिलमध्ये विमलाबाई आल्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, ज्येष्ठांच्या मंडळाचं सगळं त्याच बघायच्या. "पाच रविवार, पाच व्याख्यानं. आसनं नकोत, गुडघे ऐकत नाहीत आमचे. योगामागचं तत्त्वज्ञान सांग." नाही म्हणायला सुचेताला कारण सापडलं नाही.

पहिला रविवार निभावला. दुसऱ्या रविवारचा विषय होता पाच क्लेश, म्हणजे माणसाच्या दुःखाची पाच मुळं. तिने शिकताना काढलेली वही उघडली. अविद्या, अस्मिता म्हणजे मीपणा, राग म्हणजे आसक्ती, द्वेष. पाचवा अभिनिवेश, जगण्याला चिकटून राहणं, मरणाची भीती. त्याखाली शिक्षकांनी सांगितलेलं वाक्य तिच्याच अक्षरात होतं: हा क्लेश अडाण्याला असतो तसाच शहाण्यालाही असतो. परीक्षेत तिने याचं उत्तर लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. आता ती ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत बसली.

रविवारी पाचला हॉलमध्ये तीसेक माणसं होती. वर्गातलेही बरेच आले होते, हंसाबेन पुढच्या रांगेत. पहिले चार क्लेश नीट झाले. "पाचवा अभिनिवेश," ती म्हणाली आणि बोटांना मुंग्या आल्या. कुणीतरी बाहेरचा आवाज नको म्हणून दार लोटून घेतलं होतं. तिचं लक्ष त्या दाराकडे गेलं. इथे शवासन सांगता येत नव्हतं. पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर जाता आलं असतं. तिने एक पाऊल टाकलंसुद्धा.

मग ती थांबली. टेबल घट्ट धरून म्हणाली, "मला आत्ता तो होतोय."

कुणाला काही कळलं नाही.

"भीतीचा झटका. माझे हात बघा, थरथरतायत. आत्ता मला वाटतंय मी मरणार. दोन महिने होतोय. वर्गात मी डोळे मिटत नाही, मिटवतच नाहीत. तुम्हाला श्वास बघा सांगते आणि स्वतः टाइल्स मोजते. हे मी लपवलं. सत्य हा दुसरा यम आहे, मीच शिकवते तुम्हाला." तिला धाप लागली. "विमलाबाई, ते दार उघडता का?"

विमलाबाईंनी उठून दार उघडलं, आणि खुर्ची आणून तिच्या शेजारी बसल्या. तीस माणसं गप्प बसून एका बाईची भीती उतरताना बघत होती. सहा मिनिटं लागली. सुचेताला ती सहा तासांसारखी गेली. व्याख्यान तिथेच संपलं.

हंसाबेन जाताना दारात थांबली. "मॅडम, बुरा मत मानना. आपको ही योगा से फायदा नहीं होता है, तो हमको क्या होगा?"

सोमवारी चौदातले नऊच आले. गुरुवारी आठ. सोसायटीत कुजबूज झाली, सेक्रेटरींनी परागला लिफ्टमध्ये गाठून मॅडमची तब्येत विचारली, आणि सुचेताला वाटलं नऊ वर्षं वाया गेली. त्या आठवड्यात विमलाबाई घरी आल्या. चहा समोर तसाच ठेवून म्हणाल्या, "मिस्टर गेल्यापासून मी न्हाणीघराची कडी लावत नाही. अकरा वर्षं झाली. मुलांना वाटतं विसरते. भायंदरला एक मानसोपचार डॉक्टर आहेत, मी चौकशी केली आहे. जाऊ दोघी?"

त्या दोघी गेल्या. सुचेताला गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी श्वासावरचं ध्यान काही महिने बंद ठेवायला सांगितलं, चालत चालत पावलांकडे लक्ष द्यायला सांगितलं. तिने ते वर्गातही घेतलं. ज्यांना डोळे मिटायचे नाहीत त्यांनी मिटू नयेत, असंही सांगून टाकलं. तेव्हा दोघांनी उघडे ठेवले, त्यातला एक बँकेतला मोठा अधिकारी.

उरलेली तीन व्याख्यानं तिने दिली. तिसऱ्या रविवारी अकराच माणसं होती. एका आजोबांनी विचारलं, "मन भितं आणि त्याला पाहणारा वेगळा असतो म्हणता. तो तुम्हाला कधी दिसला?"

"नाही," ती म्हणाली. "पण त्या दिवशी बोलत होते ना, तेव्हा भीतीपेक्षा जरासं बाजूला कुणीतरी होतं असं वाटलं. जास्त सांगता येणार नाही. खोटं होईल."

हंसाबेन वर्गाला परत आली नाही. पावसाळ्यात एका दुपारी मात्र तिने बेल वाजवली, आत न येता सुनेसाठी डॉक्टरांचा नंबर लिहून घेतला आणि गेली.

दीड वर्षाने गोळ्या थांबल्या. त्यानंतर सुचेताला दोनच झटके आले, एक बँकेत, एक मोरवा गावी एका लग्नात. दोन्ही वेळी तिने शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "मला भीती वाटतेय, जरा माझ्याजवळ थांबाल का?" आणि दोन्ही वेळी माणूस थांबला.