न वाजणारी पिशवी

दोन वर्षांपूर्वी आमच्या वरच्या खोलीत एक भाडेकरू आली. देवासची, तिशीच्या आतली, इथल्या एका मुलींच्या शाळेत संगीत शिकवणारी. तिला जन्मापासून दिसत नाही. सुरुवातीला मी तिला जिन्यावर हात द्यायला धावायची. आठवड्याभरात लक्षात आलं, जिन्यावर अडखळते ती मीच.

एका रविवारी ती खाली आली. "काकू, तुम्ही पिशव्या शिवता ना? मला एक शिवून द्याल? खांद्यावरची, शाळेत न्यायला."

मला फार आनंद झाला. बँकेतून रिटायर झाल्यापासून मशीन हाच माझा विरंगुळा, आणि दिवाणाच्या पोटात वर्षानुवर्षांचं कापड साठलेलं. ब्लाउजपीस, पडद्यांचे उरलेले तुकडे, मुलाच्या जुन्या जीन्स, नातीच्या दुपट्याचं फ्लॅनेल. भेरूगढच्या हातछपाईचा एक सुती तुकडा तर मी काहीतरी खास शिवायचं म्हणून कधीचा जपलेला. सगळं काढून सतरंजीवर पसरलं, आणि मग ओशाळले. तिच्यापुढे मी रंग मांडून बसले होते.

"कसं कापड हवं?" मी विचारलं.

"आवाज न करणारं."

मला कळलं नाही. तिने आपली नायलॉनची पिशवी खांद्यावर हलवली. सर्र सर्र. "ही कानाशी असते आणि पावलागणिक बोलते. आधी त्याने काही बिघडायचं नाही. आता फ्रीगंजच्या बाजारात जिकडेतिकडे ई-रिक्षा. त्यांना इंजिनाचा आवाजच नाही, काकू. टायरखाली खडी दाबली जाते तेवढी ऐकू येते, आणि एक बारीक सूर. तो हिच्या सरसरीत बुडतो. मागच्या महिन्यात एक चाटून गेली."

आयुष्यभर मी कापड घेतलं ते रंग बघून, हात फिरवून, धुतल्यावर आटेल का ते विचारून. ऐकून कधीच नाही.

ती सतरंजीवर बसली. एकेक तुकडा उचलायची, कानाजवळ नेऊन दोन बोटांत चोळायची, बाजूला ठेवायची. सिल्कच्या ब्लाउजपीसवर म्हणाली, "ही फार बडबडी." कॉर्डरॉयवर, "ही तर करवत." मी पंखा बंद केला. मला त्या सगळ्यांत एकच फसफस ऐकू येत होती.

जीन्सपाशी ती थांबली. खांद्यावर टाकून हॉलमध्ये चार फेऱ्या मारल्या.

"अगं, ही पण वाजते," मी म्हटलं.

"वाजू दे. ही खर्जात वाजते. रिक्षाचा सूर वरचा आहे. दोघी एकमेकींच्या वाटेत येत नाहीत."

तीच जीन्स मी कित्येकदा धुतली होती, पिळली होती, दोरीवर झटकली होती.

अस्तरासाठी मी हळूच माझा भेरूगढचा तुकडा पुढे केला. तो करकरला. माझं तोंड उतरलं असणार, पण ते तिला कसं कळलं कोण जाणे. "धुतलाय का कधी?"

"नाही. जपून ठेवलाय."

"मग हा आवाज त्याचा नाही, खळीचा आहे. दोनदा धुवा, मग ऐकू."

दोनदा धुतला. तिसऱ्या दिवशी तिने तो कानाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. "आता सही आहे," म्हणाली. मग विचारलं, "बाहेरून पिशवी लांबून दिसेल ना?"

"गडद निळी आहे. फारशी नाही."

"मग वर काहीतरी भडक लावा. मला त्यांचा आवाज यायला हवा, आणि त्यांना मी दिसायला हवी."

झाकणाला मी हळदी रंगाची पट्टी लावली. तो एक निर्णय तेवढा माझा.

पिशवी झाली त्या संध्याकाळी तिला फ्रीगंजात तंबोऱ्याच्या तारा घ्यायच्या होत्या. मी बरोबर निघाले. गल्लीच्या तोंडाशी तिने एकदम माझा दंड धरून मला थांबवलं. रस्ता रिकामा होता. मी तसं म्हणणार, तोच कोपऱ्यावरून एक ई-रिक्षा सामानासकट वळली आणि आमच्या पुढ्यातून निसटून गेली.

"कसं कळलं तुला?"

"पिशवी गप्प होती ना," ती म्हणाली. मग, "काकू, राग मानू नका, पण तुमच्या चपला फार वाजतात."

परत येईपर्यंत मी पाय उचलून टाकत होते. चालता चालता एक सायकल ऐकू आली, कुणाच्या तरी घरचा कुकर, लांब मंदिरातली घंटा. ती या सगळ्यातून सरळ चालली होती, आणि तिच्या शेजारी मी पहिल्यांदाच आलेल्या गावात असल्यासारखी.