मुलुंडच्या मांडवात माझं गाणं

मुलुंड स्टेशनाबाहेर पाऊल ठेवलं आणि आधी पेटी तपासली. नाशिकपासून ती मांडीवरून खाली उतरवली नव्हती. टांगेवाला हसला, "बसा मास्तर, गणपतीचे दिवस, तुमचंच राज्य आहे!" दोन्ही बाजूंना आंब्याचिंचांची झाडं, अधूनमधून बैठी घरं, समोर हिरवेगार डोंगर. ह्याला मुंबई कोण म्हणेल?

वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाण्यामागे पेटी वाजवली. ह्या खेपेला पहिल्यांदाच माझी स्वतःची चाल लोकांपुढे येणार होती. माझी जुनी शिष्या कुसुम लग्न होऊन इथे आलेली. तिच्या महिला मंडळासाठी मी गोदाकाठच्या संध्याकाळचं संथ गाणं बांधलं आणि स्वरलिपी पोस्टाने धाडली. गाणं पडलं असतं तर पुन्हा कुणी माझ्याकडे चाल मागितली नसती.

मांडवाच्या दाराशी फळा होता. 'चाल व पेटी : विनायक मास्तर'. मी तो तीनदा वाचला. खोटं कशाला बोलू?

मंडळाच्या मुख्य गायिका शेवंतीकाकू मूळच्या मालवणच्या, यजमान विक्रोळीच्या कारखान्यात. त्यांनी घावणे (तांदळाच्या पिठाचे जाळीदार पोळे) नारळाच्या गोड रसात बुडवून वाढले. सहा खाल्ले, सातवा वाढताना मी त्यांचा हात धरला.

मग तालीम. बायकांनी पदर खोचले आणि गाणं असं सुसाट सुटलं की मी गारच पडलो. माझी गोदामाई चक्क फुगडी घालत होती!

"अगं कुसुम, वाट लावलीत की गाण्याची!"

"मास्तर, कागदावर नुसते स्वर आहेत. लय कुठे लिहिलीयत?"

कागद पाहिला. खरंच नव्हती. माझ्या डोक्यात ती इतकी पक्की, की लिहायचं सुचलंच नाही. चूक माझी, तरी तणतणत जाऊन मी फळ्यावरचं माझं नाव पुसलं. "आता तरी संथ म्हणा!"

शेवंतीकाकू शांतपणे म्हणाल्या, "हळू म्हणतंव मास्तरानु. पण गणपती झोपलो तर मगे आमका बोलू नकात!"

संध्याकाळी मांडव भरला. पहिलं कडवं संथ झालं. पुढच्या रांगेतले आजोबा जांभया देऊ लागले, बायकांचे चेहरे उतरले. काकू माझ्याकडे बघत होत्या. वीस वर्षं मी गाणाऱ्याचा चेहरा बघून लय धरली होती. आज गाणं स्वतःचं म्हणून नेमकं तेवढंच विसरलो होतो. मी काकूंच्या डोळ्यांत पाहिलं आणि लय दुप्पट केली.

अहाहा! दोन बायका फुगडीला उतरल्या, मांडव टाळ्यांनी दणाणला. तीनदा वन्स मोअर! भाता मारून माझा डावा हात भरून आला, आणि मी वेड्यासारखा हसत होतो.

"चाल कुणाची हो?" मागून कुणीतरी ओरडलं.

"ह्या मास्तरांची!" काकूंनी मला पुढे ढकललं. "रागान नाव पुसल्यानी!"

दुसऱ्या दिवशी नाशिकला घरी पोचलो. चहाही न घेता वही उघडली, त्या गाण्याचं पान काढलं आणि वरच्या कोपऱ्यात राहून गेलेलं लिहिलं—

लय : शेवंतीकाकू म्हणतील ती.