कपड्यांची पिशवी

त्या सकाळची कामवाटपाची यादी वाचून थोरल्या सिस्टरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गावाजवळच्या अणुभट्टीतून कधी किरणोत्सारी धूळ आलीच, तर माणसांना कसं तपासायचं, कसं धुऊन काढायचं, याची तालीम इस्पितळामागच्या शेडमध्ये दरवर्षी व्हायची. धूळ मोजायचं यंत्र सलग एकोणीस वर्षं तिच्या हातात. यंदा डॉक्टरांनी ते धाकट्या सिस्टरला दिलं. थोरलीकडे काय, तर उतरवलेले कपडे पिशवीत भरायचे.

आणि धाकटी तरी कोण? हिनेच तिला इंजेक्शन द्यायला शिकवलेलं. आता बघावं तर बाईसाहेब डॉक्टरांच्या मागेपुढे. थोरली जळत होती, आणि आपण जळतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रुग्ण म्हणून निवृत्त ड्रॉइंगमास्तर आले होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सरावापुरती किरणोत्सारी चकती, अगदी क्षीण. थोरलीने सदरा पिशवीत भरला. पिशवी गाठ मारून अंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवायची असते, नाहीतर यंत्र माणसाऐवजी पिशवीच मोजत बसतं. तिने ती धुण्याच्या जागेला लागून असलेल्या पडद्यामागेच सोडली. मुद्दाम. मोजू दे म्हणावं आता.

यंत्र टकटकलं. धाकटीने मास्तरांना कोमट पाण्याने धुतलं. टकटक तशीच. पुन्हा धुतलं. तिसऱ्यांदा घाबरून चांगलं घासलं, तशा थोरलीला आतून गुदगुल्या झाल्या.

"पोरी, थोडं कातडं शिल्लक ठेव," मास्तर म्हणाले. त्यांचं कोपर सोलून निघालं होतं.

धाकटीने यंत्र थोरलीपुढे धरलं. "ताई, माझंच काहीतरी चुकतंय. तुम्ही घ्या."

हेच तर हवं होतं. पण ते लाल कोपर बघून थोरलीच्या काळजात चर्र झालं. खरी धूळ असती, तर सोललेल्या जागेतून थेट अंगात गेली असती. यंत्र न घेता तिने पिशवी उचलली आणि टोकाला ठेवून आली. टकटक मंदावली.

"अनुभव तो अनुभव," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या वर्षी यंत्र तुमच्याकडेच."

धाकटी वहीत लिहीत होती: पिशवी लांब ठेवावी, ताईंनी चूक पकडली.

थोरली मास्तरांच्या कोपराला मलम लावत होती. "खोड ते," ती म्हणाली. "पिशवी मीच ठेवली होती तिथे. जाणूनबुजून."

पुढच्या वर्षीही यंत्र धाकटीच्याच हातात होतं. थोरलीने पिशवीला गाठ मारली आणि पार टोकाला नेऊन ठेवली. जळणं काही थांबलं नव्हतं.